शीतगृह कंट्रोलरच्या एमआयबीत ओआयडीचे क्रमांक कसे द्यावेत?

खाडीकाठ
आंब्याचा पल्प आणि मासळी ठेवणाऱ्या शीतगृहांसाठी कंट्रोलर बनतोय. एका युनिटला ८ पर्यंत तापमान सेन्सर. पहिली युनिटं रत्नागिरी, देवगड आणि मालवणला बसतील. एमआयबीत (एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलने युनिटला काय विचारता येतं त्याची यादी) प्रत्येक वस्तूला ओआयडी, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखा पायरीपायरीने बनलेला क्रमांक लागतो. त्यात कंपनीच्या क्रमांकाखाली १ रत्नागिरी, २ देवगड, ३ मालवण, आणि त्याखाली सेन्सर १०, २०, ३० असे ठेवलेत. मधली जागा पुढच्या भरीसाठी. कंपनीचा क्रमांक तूर्त मनानेच धरलाय. हे चालेल का? आणि ट्रॅप, म्हणजे युनिट स्वतःहून पाठवतं ते इशारे, कुठे ठेवायचे?

बंदरवाट
गाव झाडात घालू नका. ओआयडी सांगतो की वस्तू काय आहे. ती कुठे आहे ते सिसलोकेशनमध्ये, म्हणजे युनिटची जागा लिहायच्या ठरलेल्या ऑब्जेक्टमध्ये लिहा. नाहीतर वेंगुर्ल्याला युनिट गेलं की नवी एमआयबी काढावी लागेल.

क्रमांक मनाने धरू नका. आयानाकडे (इंटरनेटचे क्रमांक वाटणारी संस्था) अर्ज केला की १.३.६.१.४.१ खालचा क्रमांक फुकट मिळतो. तोवर कागदावरच्या उदाहरणांना ३२४७३ वापरा, तो त्यासाठीच राखून ठेवलेला आहे. विकायच्या मालात मात्र तो जाऊ देऊ नका.

आपल्या क्रमांकाखाली १ वर उत्पादनांच्या ओळखी ठेवा, म्हणजे सिसऑब्जेक्टआयडीची (युनिट कोणतं मॉडेल आहे ते सांगणारा ठरलेला ऑब्जेक्ट) उत्तरं, आणि २ खाली एमआयबी मॉड्यूल, पहिल्याला १. मॉड्यूलच्या आत ० ट्रॅप, १ ऑब्जेक्ट (वाचायच्या वस्तू), २ कन्फॉर्मन्स (उपकरणाने यातलं काय पुरवलंच पाहिजे ते). आठ सेन्सर म्हणजे आठ वेगळे ऑब्जेक्ट नव्हेत, एकच टेबल. पहिल्या टेबलाला १, टेबलाखालची एंट्री (ओळीचा साचा) कायम १, कॉलम १ पासून पुढे, शेवटी इंडेक्स, म्हणजे ओळीचा क्रमांक. पाचव्या सेन्सरचं तापमान तिसऱ्या कॉलममध्ये असेल तर:

१.३.६.१.४.१.३२४७३.२.१.१.१.१.३.५

गाबीत_नेट
१०, २०, ३० ची गरज नाही. एका पायरीवर ४२९४९६७२९५ पर्यंत आकडे मावतात, नवा कॉलम सरळ शेवटी जोडा. एमआयबी एकदा बाहेर गेली की जुना क्रमांक दुसऱ्या अर्थाने कधीच वापरू नका. नको असलेला कॉलम ऑब्सोलीट करा, म्हणजे बाद अशी खूण करा, क्रमांक तसाच पडून राहू दे.

तापमानाला गेज३२ हा आकड्याचा प्रकार देऊ नका, त्याला ऋण आकडा कळत नाही. इंटिजर३२ घ्या आणि अंशाचे दहावे भाग पाठवा: उणे १८.५ म्हणजे −१८५. हे एमआयबीत त्या कॉलमच्या युनिट्स (मापाचं एकक) या ओळीत स्पष्ट लिहा.

बंदरवाट
ट्रॅप ० खालीच का, तेही सांगतो. एसएनएमपीच्या व्ही२ आवृत्तीचा ट्रॅप जुन्या व्ही१ मध्ये बदलताना त्याच्या ओआयडीचा शेवटून दुसरा आकडा ० असेल तर शेवटचे दोन्ही आकडे काढले जातात, नसेल तर एकच. परत व्ही२ कडे येताना मात्र ० नेहमीच घातला जातो. म्हणून ० नसलेला ट्रॅप परतताना वेगळाच ओआयडी घेऊन येतो आणि मॅनेजर, म्हणजे देखरेखीचं सॉफ्टवेअर, त्याला ओळखत नाही.

गाबीत_नेट
इंडेक्स सेन्सरची तार जोडलेल्या टर्मिनलच्या क्रमांकाशी बांधा, १ ते ८, ० टाळा. सेन्सर सापडतील त्या क्रमाने आकडे दिलेत तर पावसाळ्यात वीज जाऊन आल्यावर क्रम बदलतो आणि मासळीच्या खोलीचं तापमान पल्पच्या आलेखावर चढतं. अलार्मही चुकीच्या खोलीचा वाजेल. बंद टर्मिनलची ओळ गाळली तरी चालेल, पण उरलेल्यांचे क्रमांक सरकवू नका.

एमआयबीची फाइल बाहेर देण्याआधी तिच्यातल्या चुका शोधणारं स्मिलिंट पातळी ६ वर चालवा.