मदत हवी आहे : रॉसिनी-वेर्दीच्या ओव्हर्चर्सची जुनी ध्वनिमुद्रणं, कोणतं पुनर्प्रकाशन घ्यावं?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

इथे पाश्चात्त्य अभिजात संगीतावर धागे क्वचितच निघतात, पण ऐकणारे बरेच आहेत हे ठाऊक आहे, म्हणून विचारतोय.

मी मूळचा हिंदुस्थानी संगीत ऐकणारा. गेल्या काही वर्षांत इटालियन ऑपेराच्या ओव्हर्चर्सनी, म्हणजे पडदा उघडण्याआधी नुसता ऑर्केस्ट्रा जे वाजवतो त्या रचनांनी, पार वेड लावलंय. रॉसिनीची 'विल्यम टेल', 'सेमिरामिदे', 'ला गाझा लाद्रा', 'बार्बर ऑफ सेव्हिल' आणि वेर्दीची 'ला फोर्झा देल देस्तिनो', 'नाबुक्को', 'सिसिलियन व्हेस्पर्स'. स्ट्रीमिंगवर सगळं सापडतं, पण तिथे बहुतेक वेळा पुनर्प्रकाशनाचं साल लिहिलेलं असतं. १९३६ सालचं वादन २०१० चं म्हणून समोर येतं. कोणी, कुठे, कधी वाजवलं हे कळल्याशिवाय मला ऐकल्याचं समाधान मिळत नाही, म्हणून सीडी जमवायला लागलो. सोबतची पुस्तिका हा माझ्यासाठी अर्धा आनंद आहे.

अडचण अशी की एकच ध्वनिमुद्रण पाच-सहा रूपांत मिळतं आणि प्रत्येक रूप वेगळं ऐकू येतं. उदाहरण देतो. 'फोर्झा'च्या ओव्हर्चरची सुरुवात आठवा. पितळी वाद्यांचे एकाच स्वरावर तीन ठोस उच्चार, मग विराम, पुन्हा तेच तीन, पुन्हा विराम, आणि मग तंतुवाद्यांची ती अस्वस्थ धावपळ. माझ्याकडे संचालक (कंडक्टर) तोस्कानिनीचं हे वादन दोन वेगवेगळ्या प्रकाशनांत आहे. एकात त्या विरामात सभागृहाचा घुमारा हळूहळू विरताना ऐकू येतो, मागे टेपची बारीक सरसरही आहे. दुसऱ्यात स्वर थांबला की एकदम काळोख, कुणी बटण बंद केल्यासारखा. दुसरी आवृत्ती जास्त 'स्वच्छ' आहे, पण माझा जीव पहिलीवरच आहे. हे माझ्या कानांचं लाड आहे की यात काही तथ्य आहे?

माझे प्रश्न :

पहिला, चांगलं पुनर्प्रकाशन विकत घेण्याआधी कसं ओळखायचं? दुसरा, सुरुवातीच्या संग्रहात कोणते संचालक असायलाच हवेत? तिसरा प्रश्न काळजीचा आहे. ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांच्या जुन्या ब्रिटिश सीडींपैकी दोन-तीन कडेकडून तांबूस व्हायला लागल्यात आणि शेवटच्या ट्रॅकवर चरचर येते. हे पुसून जातं का?

आगाऊ धन्यवाद.

जुनी तबकडी

मंद्रसप्तक, तुमच्या कानांवर विश्वास ठेवा. तो 'काळोख' म्हणजे डिजिटल गाळणीचं काम. खरखर काढायला लावलेली गाळणी जोरात फिरवली की खरखरीसोबत सभागृहही जातं, कारण विरत जाणारा आवाज आणि टेपची सरसर दोन्ही तितकेच बारीक असतात आणि यंत्राला त्यांतला फरक कळत नाही. फोर्झाचे ते विराम ही उत्तम कसोटी आहे. कुठलीही सीडी घेण्याआधी नमुना ऐकायला मिळाला तर तेवढी पहिली काही सेकंदं ऐकायची.

ओळखण्याबद्दल सांगतो. मुखपृष्ठावरचं लेबल बघून काही कळत नाही, कारण कंपन्यांची घरं बदलली आहेत. ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीचा अभिजात संगीताचा खजिना २०१३ मध्ये वॉर्नरकडे गेला, म्हणून गायिका मारिया कॅलासच्या तबकड्यांवर आता वॉर्नरचं नाव दिसतं. फिलिप्सची ध्वनिमुद्रणं डेका म्हणून निघतात. आरसीए सोनीच्या छत्राखाली आहे. त्यामुळे चार गोष्टी बघा : संचालक, ऑर्केस्ट्रा, ध्वनिमुद्रणाचं साल आणि जागा. या चारही जुळल्या की मूळ ध्वनिमुद्रण एकच. त्यानंतरचा प्रश्न, हे कशावरून उतरवलंय आणि कुणी? मूळ टेपवरून, की एलपी किंवा ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकडीवरून? चांगला प्रकाशक पुस्तिकेत हे लिहितो आणि उतरवणाऱ्याचं नावही देतो. वॉर्ड मार्स्टन किंवा मार्क ओबर्ट-थॉर्न ही नावं दिसली तर मी डोळे मिटून घेतो. दोघंही खरखर थोडी राहू देतात आणि संगीताला हात लावत नाहीत.

मूळ टेपवरून उतरवलेलं नेहमीच सरस, असंही समजू नका. टेप म्हाताऱ्या होतात. संचालक द साबाताने १९५३ मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात कॅलास, दी स्तेफानो आणि गोब्बी या गायकांना घेऊन केलेला पुच्चिनीचा ऑपेरा 'तोस्का' घ्या. ईएमआयने तो सीडीवर एकाहून अधिक वेळा काढला, नॅक्सॉसने एलपींवरून उतरवला आणि २०१४ मध्ये वॉर्नरने ॲबी रोड स्टुडिओत कॅलासच्या स्टुडिओ ध्वनिमुद्रणांवर नव्याने काम करून मोठा संच काढला. माझ्या मते २०१४ चा सर्वांत मोकळा आहे, पण नॅक्सॉसच्या आवृत्तीत आवाजाला जी ऊब आहे तीही सोडवत नाही. दोन्ही ठेवल्यात.

तोस्कानिनीबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. अमेरिकेतल्या एनबीसी रेडिओच्या ८-एच स्टुडिओत केलेली त्याची ध्वनिमुद्रणं कोरडीच, म्हणजे घुमारा नसलेली, आहेत, कारण ती जागाच कोरडी होती. तो दोष पुनर्प्रकाशनाच्या माथी मारू नका. कार्नेगी हॉलमध्ये केलेली शोधा, फरक लगेच कळेल. 'सेमिरामिदे' तर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबतचं १९३६ चंच घ्या. ७८ च्या तबकड्यांवरचं आहे, खरखर आहे, पण सुरुवातीचे हॉर्न ऐकून अंगावर काटा येतो. सगळा तोस्कानिनी एकदम हवा असेल तर २०१२ मध्ये ८४ सीडींचा संच निघाला होता, जुन्या बाजारात कधीकधी दिसतो.

स्टिरिओमध्ये फ्रिट्झ रायनरने शिकागो सिम्फनीसोबत १९५८ मध्ये केलेली रॉसिनीची ओव्हर्चर्स आधी घ्या. इतका चोख ऑर्केस्ट्रा क्वचित ऐकायला मिळतो. मग संचालक जुलिनी आणि लंडनचा फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा. जुलिनीचा वेर्दी ऐकताना प्रत्येक सुरावट गायल्यासारखी वाटते, तुम्ही हिंदुस्थानी ऐकणारे असल्यामुळे तुम्हाला तो भावेल.

आणि एक टाळाच. १९६० च्या दशकात मोनो ध्वनिमुद्रणांना यंत्राने खोटा स्टिरिओ करून एलपी काढल्या गेल्या. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' असं काही दिसलं की ती तबकडी जिथे आहे तिथेच राहू द्या. मोनो हे मोनोच ऐकावं.

मांडवीकाठ

जुनी तबकडी यांनी बहुतेक सांगितलंच आहे. मी व्हायोलिन वाजवतो, तेव्हा वाजवणाऱ्याच्या बाजूने दोन कसोट्या सुचवतो.

रॉसिनीचं 'इल सिन्योर ब्रुस्किनो' (१८१३) तुमच्या यादीत नाही, ते आधी घाला. त्यात दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांना बो (गज) समोरच्या स्टँडवर टकटक वाजवायला सांगितलंय. छोटा कोरडा आवाज, अगदी लयीत. ७८ च्या तबकडीवरच्या 'टक' आवाजांसारखाच तो असतो, म्हणून टकटक काढणारं यंत्र अर्धवट हाताने चालवलं तर रॉसिनीने लिहिलेली टकटकही पुसट होते. प्रत्येक ठोका नीट, टोकदार ऐकू आला तर समजा उतरवणारा माणूस कान लावून बसला होता.

दुसरी कसोटी 'ला गाझा लाद्रा'. सुरुवातीलाच स्नेअर ड्रमचे घुमणारे रोल आहेत. चांगल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात एक ड्रम डावीकडे, एक उजवीकडे, एकमेकांना उत्तर देत. रोलचा शेवट ऐका. तो शेपटीसह विरतो की मध्येच तुटतो?

गोव्यात पॅरिश स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या शाळेत, स्वरलेखन शिकलेल्या कितीतरी वादकांनी पुढे मुंबईच्या स्टुडिओंत आणि ऑर्केस्ट्रांत आयुष्य काढलं, त्यामुळे या रचना आमच्याकडे परक्या नाहीत. आणि झुबिन मेहता मुंबईचेच. त्यांचा डेकाचा १९७२ चा पुच्चिनीचा ऑपेरा 'तुरान्दोत' (गायक सदरलंड, पावारोत्ती, काबाये) संग्रहात हवाच. पुच्चिनीने त्याला ओव्हर्चर दिलेलं नाही, पण पहिल्या काही मात्रांतच ऑर्केस्ट्रा काय करू शकतो ते कळतं.

सुरेल कोपरा

एक भर घालते. ७८ च्या तबकड्या सगळ्या ७८ नेच फिरत नसत, जुन्या काळी वेग बराच कमीजास्त असायचा. पुनर्प्रकाशन करणाऱ्याने वेग चुकवला की अख्खं वादन चढं किंवा उतरं होतं. सुमारे सहा टक्के फरक पडला की अर्धा स्वर सरकलाच. गायकांच्या तबकड्यांत तर आवाजाचा पोतच बदलतो.

तुमच्याकडे तानपुऱ्याचं ॲप असेलच. 'बार्बर', 'विल्यम टेल' आणि 'फोर्झा' ही तिन्ही ओव्हर्चर्स ई स्वरावर संपतात, म्हणजे आपली पांढरी तीन. तानपुरा पांढरी तीनवर लावा आणि शेवटचे स्वर ऐका. थोडा फरक चालतो, कारण सगळे ऑर्केस्ट्रा तंतोतंत एकाच पट्टीत मिळवत नाहीत. पण काळी दोनशी किंवा पांढरी चारशी जुळायला लागलं तर ते प्रकाशन परत करा. मी प्रत्येक नवीन ऐतिहासिक सीडी अशीच तपासते.

जाता जाता एक. ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्गने एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या हॉटेलात इटालियन गायक कारुसोचा आवाज पहिल्यांदा ग्रामोफोनसाठी घेतला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तोच गायस्बर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं घेत होता. कारुसोच्या त्या तबकड्या ऐकताना मला नेहमी हे आठवतं. दोन्हीकडे एकच माणूस, तसाच भोंगा, आणि समोर आपापल्या परंपरेतला असामान्य गळा.

राईनकाठी

तांबूस सीडींबद्दल मी सांगतो, कारण इथे जर्मनीत माझ्या संग्रहातही तशा आल्या आहेत.

ते पुसून जात नाही, पुसायचा प्रयत्नही करू नका. १९८८ ते १९९३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका कारखान्यात निघालेल्या तबकड्यांवर ॲल्युमिनियमऐवजी चांदीचा थर होता आणि वरचं लॅकर पुरेसं टिकाऊ नव्हतं. पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाने चांदी काळवंडत जाते. सुरुवात कडेपासून होते. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचा ट्रॅक आधी बिघडतो. तुमची चरचर तीच आहे.

आज घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे त्या सीडी संगणकावर उतरवून घ्या. चुका तपासून पुन्हापुन्हा वाचणारं सॉफ्टवेअर वापरा, एफएलएसी (आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या) स्वरूपात ठेवा, एमपीथ्री नको. शेवटचा ट्रॅक वाचला जात नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर बघा, कधीकधी एक ड्राइव्ह हरते तिथे दुसरी जिंकते. मग पुस्तिका वेगळ्या पाकिटात आणि सीडी कागद नसलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण पुढे प्रश्न येईलच. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क (कॉपीराइट) प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. युरोपात आधी ५० होती, २०१३ पासून ७० झाली, पण १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली आधीच मोकळी झाली होती, ती मोकळीच राहिली. म्हणून जुन्या वादनांची इतकी वेगवेगळी प्रकाशनं दिसतात. अमेरिकेत मात्र २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने जुनी ध्वनिमुद्रणं तिथे मोकळी नाहीत असं ठरवून नॅक्सॉसच्या विरोधात निकाल दिला होता. तिकडच्या विक्रेत्याकडे एखादं ऐतिहासिक प्रकाशन दिसलं नाही तर ते बंद झालं असं समजू नका, युरोपातल्या दुकानांत बघा.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं तपशीलवार उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

तांबूस सीडी कालच उतरवल्या. एकीचा शेवटचा ट्रॅक जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हवर पूर्ण वाचला गेला, राईनकाठी यांना खास धन्यवाद. पांढरी तीनची युक्तीही करून बघितली. माझं एक 'विल्यम टेल' जवळजवळ काळी दोनकडे झुकतंय. ते वादन मला नेहमी थोडं सुस्त वाटायचं, आता कारण कळलं. 'ब्रुस्किनो' ऐकलं, स्टँडवरची टकटक ऐकून फार गंमत वाटली.

रायनरचं मागवतोय. पुढचा प्रश्न : चोर बाजारातल्या एका दुकानदाराकडे ला स्कालाच्या १९३० च्या आसपासच्या ७८ च्या तबकड्यांचा गठ्ठा आहे, त्यावर पावसाळ्यात धरलेली बुरशी आहे. घ्यावा का? आणि साफ कशाने करू?

जुनी तबकडी

भेगा नसतील तर घ्या. पण स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका, त्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने, आणि मधलं कागदी लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. उभ्या ठेवून सावलीत वाळवा. वाजवायला एलपीची सुई वापरू नका, ७८ साठी जाड सुई लागते. गठ्ठ्यात साबाय्नो किंवा मोलायोली या संचालकांची नावं दिसली तर इथे कळवा. मॅट्रिक्स क्रमांक (ध्वनिमुद्रण ओळखायचा क्रमांक) लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला असतो, तो टाका, मी शोधून सांगतो.