रानातली अळंबी : सुरुवात कुठून करावी? (सल्ला हवा)

रानोमाळ :
नमस्कार मंडळी. या पावसाळ्यात खाण्याची रानअळंबी ओळखायला शिकायचं आहे. चित्रांची पुस्तकं आणि मोबाइलमधली ओळख सांगणारी अ‍ॅप्स चाळली. दोन्हींत सगळा भर टोपीच्या रंगावर. आधी कोणत्या जाती शिकाव्यात, सोबत काय न्यावं आणि विषारी नाही याची खात्री कशी करावी?

बुडखा :
टोपीचा रंग सगळ्यात शेवटी बघा. पावसाने तो धुपतो, उन्हाने फिका पडतो, कोवळ्या आणि जून अळंबीत वेगळा दिसतो. अ‍ॅपवर खाण्याचा निर्णय कधीही सोडू नका, कारण फोटोत बुडखा दिसत नाही आणि वासही येत नाही.

अळंबी कापून घेऊ नका. चाकूच्या टोकाने भोवतीची माती सैल करा आणि बुडासकट उचला. डेथ कॅप (जीवघेणी विषारी अळंबी) आणि तिच्या अमानिटा कुळातल्या इतर जीवघेण्या भावंडांच्या बुडाशी पांढरी पिशवी असते. ती पालापाचोळ्याखाली दडलेली असते. दांडा वरून छाटला की पिशवी जमिनीतच राहते आणि हातात येते ती निरुपद्रवी दिसणारी छत्री. बुडाशी पिशवी, दांड्यावर कडं, टोपीखाली पांढरे पडदे (खालच्या बाजूच्या पातळ पात्या), असं एकत्र दिसलं की तिथेच सोडा. कडं गळून गेलेलं असू शकतं, त्यामुळे ते नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसरी तपासणी घरी, बीजाणूंच्या ठशाची. दांडा काढून टोपी पडद्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या, नाहीतर पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसतच नाहीत. वर वाटी पालथी घाला, म्हणजे टोपी सुकत नाही आणि वाऱ्याने ठसा विस्कटत नाही. ४ ते १२ तासांत ठसा उमटतो. ठसा आला नाही तर टोपी फार कोवळी, फार जून किंवा सुकलेली आहे. अशा वेळी अंदाजाने पुढे जायचं नाही.

या ठशाचा उपयोग कुठे होतो पाहा : हिरवळीवर उगवणारी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची क्लोरोफायलम खाण्याच्या छत्र्यांसारखीच दिसते. तिचे पडदेही आधी पांढरेच असतात. ठसा मात्र हिरवट येतो. ती खाल्ली तर काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात.

पाऊलवाट :
बुडखा यांच्याशी सहमत. पहिल्या वर्षी दोन-तीनच जाती पक्क्या करा, पण त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी जाती त्याआधी शिका.

वारुळावरची अळंबी चांगली सुरुवात आहे. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो, आणि दांडा मुळासारखा लांबच लांब खाली वाळवीच्या घरापर्यंत जातो. बुडाशी पिशवी नसते, ठसा गुलाबीसर येतो. मूळ अर्ध्यात तुटलं तर ओळख अर्धीच झाली.

शँटरेल या खाण्याच्या पिवळ्या अळंबीच्या टोपीखाली सुटे पडदे नसतात. दांड्यावर उतरत जाणाऱ्या बोथट, फाटे फुटलेल्या वळ्या असतात आणि नखाने त्या सुट्या होत नाहीत. लाकडावर झुपक्याने आलेली, सुटे धारदार पडदे असलेली नारिंगी अळंबी वेगळी, विषारी.

गोल चेंडूसारखी पफबॉल मिळाली तर प्रत्येक नग उभा चिरा. आतून एकसारखी पांढरीशुभ्र आणि भरीव हवी. पिवळट किंवा जांभळट-काळी पडली असेल तर नको. आत छोट्या छत्रीची आकृती दिसली तर तो अमानिटाचा न उमललेला कोंब आहे.

रानोमाळ :
खूप उपयोगी, आभार. शिजवताना चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडला तर विषारी, हे खरं का? आणि किडे-गोगलगाय खातात ती चालते का?

बुडखा :
दोन्ही साफ खोटं, आणि अशा समजुतींनीच माणसं दगावतात. डेथ कॅपच्या विषाने चांदी काळी पडत नाही, लसूणही नाही. ते शिजवून, वाळवून किंवा गोठवूनही जात नाही. गोगलगायीला जे पचतं ते माणसाच्या यकृताला पचेलच असं नाही. ‘लाकडावरची सगळी चालते’ हाही गैरसमज. लाकडावर वाढणाऱ्या गॅलरिना मार्जिनाटामध्ये तेच विष असतं.

सावली :
सोबत टोपली किंवा कापडी पिशवी न्या. प्लॅस्टिकमध्ये अळंबीला घाम सुटतो आणि चांगली जातही काही तासांत सडू लागते. ओळख न पटलेली अळंबी वेगळ्या कागदात गुंडाळा, खाण्याच्या टोपलीत टाकू नका. रस्त्याकडेची, फवारणी झालेल्या जागेची घेऊ नका. अळंबी जड धातू शोषून साठवते. मुळासकट उपटल्याने पुढच्या वर्षी येणार नाही ही भीती सोडा. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून सुमारे तीन दशकं चाललेल्या अभ्यासात, उपटली काय किंवा कापली काय, उत्पन्न घटलं नाही. घटलं ते जमीन तुडवल्याने. माती परत सारखी करा, पायवाट मोडून फिरू नका.

नवी जात पहिल्यांदा खाताना एकच जात, नीट शिजवून, दोन-चार घासच. सोबत दारू नको. शाईसारखी काळी विरघळणारी एक जात दारूशिवाय निभते आणि दारूबरोबर त्रास देते. एक कच्ची, अखंड अळंबी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा.

उलट्या-जुलाब खाल्ल्यावर ६ तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू झाले तर तो जास्त धोक्याचा इशारा समजा. डेथ कॅपमध्ये त्यानंतर एखादा दिवस बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. त्या बरं वाटण्यावर विसंबू नका. ठेवलेली अळंबी घेऊन लगेच रुग्णालय गाठा, आणि त्याच ताटातलं ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना, लक्षणं नसली तरी, सोबत न्या.