सारण भरलेली पावाची लादी : तुमच्या घरचे अनुभव लिहा

खडीसाखर
गेल्या रविवारी माळा आवरताना आईचा पत्र्याचा चौकोनी ट्रे हाती लागला आणि 1986 सालची साताऱ्यातली दिवाळी डोळ्यांपुढे उभी राहिली. नानकटाई भाजून घेण्यासाठी मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर घेऊन घरोघरच्या बायका बेकरीच्या भट्टीवर नंबर लावून बसत. आई त्याच पिशवीत बटाट्याच्या कोरड्या भाजीचा डबाही नेत असे, कारण नानकटाई झाली की भट्टीवरचे चाचा पावाच्या पिठाचे नऊ उंडे आमच्यासाठी काढत, त्यांत ती भाजी भरत आणि आमच्याच ट्रेमध्ये ते एकमेकांजवळ लावून भाजून देत. घरी पोहोचेपर्यंत ट्रे गरम असे, आणि एक पाव ओढला की शेजारच्याचे पांढरे रेशमी तंतू त्याच्याबरोबर निघून येत. त्या मऊ कडेसाठी आम्हा भावंडांत रोज वाटणी चाले.

ती कड तशी का होते, हे मला स्वतःचा ओव्हन घेतल्यावर समजले. सुटा ठेवलेला पाव चहूबाजूंनी भाजला जातो आणि त्याच्यावर कवच धरते. लादीतल्या पावांच्या बाजूंना मात्र कोरडी उष्णता लागतच नाही, त्या एकमेकांच्या आधाराने आणि वाफेने शिजतात. म्हणून उंडे लावताना मी करंगळीएवढीच फट ठेवते, म्हणजे फुगताना ते एकमेकांना भिडतात.

माझे प्रमाण असे आहे : 300 ग्रॅम मैदा, 190 मिलि कोमट दूध, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 20 ग्रॅम साखर, 5 ग्रॅम मीठ आणि 30 ग्रॅम लोणी. यात साधारण 60 ग्रॅमचे नऊ उंडे होतात, प्रत्येकात 25 ग्रॅम सारण बसते आणि 20 सेंटिमीटरचा चौकोनी ट्रे बरोबर भरतो. लोणी शेवटी घालून मी पीठ पंधरा मिनिटे मळते. आपला मैदा परदेशातल्या पावाच्या पिठापेक्षा प्रथिनाने कमी असतो, त्यामुळे मळण्यात कसूर केली तर सारणाच्या वजनाने पावाचा तळ फाटतो. पीठ दुप्पट फुगले की उंडे भरून, त्यांची तोंडे चिमटून खाली करायची, पुन्हा पाऊण तास फुगू द्यायचे आणि 180 अंशांवर 22 ते 25 मिनिटे भाजायचे. बाहेर काढताच वरून लोणी फिरवून पातळ कापड झाकले की वरचे कवचही नरम पडते.

आईच्या भाजीची चव मला अजून तंतोतंत साधलेली नाही. तुम्ही काय भरता आणि कुठे अडलात, ते सविस्तर लिहा.

संत्र्याची साल
मे महिन्यात नागपुरात 44 अंश तापमान असताना कोमट दूध घेणे म्हणजे पिठावर अन्याय आहे. पहिल्या वेळी मी एक तास थांबले आणि पीठ परातीबाहेर येऊन त्याला आंबूस वास सुटला. आता मी फ्रिजमधले गार दूध वापरते, यीस्ट 3 ग्रॅमवर आणते आणि घड्याळाऐवजी पिठाकडे पाहते. बहुतेक वेळा 35 मिनिटांत ते दुप्पट होते. नंतर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले की गार पीठ हाताला चिकटत नाही आणि सारण भरणे फार सोपे जाते.

दुपारचा चहा
पीठ आत्ताच झाकून ठेवले आहे आणि मुलीला शिकवणीहून आणायला निघाले आहे. सारण मटार आणि पनीरचे आहे. बाकी रात्री लिहिते.

चिमणचारा
माझी लादी दोन्ही वेळा फसली आणि दुसऱ्या वेळी पाहुणे समोर बसले होते, त्यामुळे मन फार खट्टू झाले. पाव वरून सुंदर दिसत होते, परंतु उघडल्यावर आत पोकळी होती, तळ ओला आणि कच्चट राहिला होता आणि दोन पाव शिवणीतून फुटून चीज ट्रेला चिकटले होते. सारणात बारीक चिरलेला कच्चा कांदा, सिमला मिरची, चीज आणि मीठ होते.

खडीसाखर
चिमणचारा, तुम्हाला किती वाईट वाटले असेल ते मी समजू शकते, पण यात तुमच्या हाताचा दोष नाही. मीठ लागले की कच्चा कांदा आणि सिमला मिरची पाणी सोडतात. भाजताना त्या पाण्याची वाफ होऊन पावाचे छत वर ढकलले जाते, म्हणून पोकळी राहते, आणि उरलेले पाणी तळात मुरून तिथले पीठ कच्चट ठेवते. भाज्या परतून पाणी पूर्ण आटवा आणि सारण अगदी गार झाल्यावरच भरा, कारण गरम सारणाने आतले लोणी वितळते आणि शिवण धरत नाही. उंडा लाटताना मध्यभाग जाड आणि कडा पातळ ठेवा. पुरणपोळीचा उंडा भरतो तसाच हात इथेही चालतो, मात्र कडेला तेलाचे बोट लागू देऊ नका. तेल लागलेली शिवण भट्टीत हमखास उघडते.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून उंडो आणि पोई हे पाव घेऊन येतो, त्यामुळे घरी पाव भाजण्याची गरज सहसा पडत नाही. माझी आजी मात्र सणाला घरी भाजत असे आणि यीस्टऐवजी माडाची ताजी सूर, म्हणजे माडी, घाली. सुरेत फसफसलेल्या पिठाला जो किंचित आंबट-गोड गंध येतो, तो यीस्टने येत नाही.

मी लादीत गोव्याचे चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, भरते. पहिल्यांदा कच्चेच भरले आणि सगळी चरबी वितळून तळाशी उतरली. पाव चवीला उत्तम, पण हातात धरवेना. आता चोरीस आतून मोकळे करून कांद्याबरोबर मंद आचेवर शिजवते, सुटलेली लाल चरबी निथळून घेते आणि तिच्यातलाच एक चमचा लोण्याऐवजी पिठात मळते. त्यामुळे पावाला केशरी रंग येतो आणि मसाल्याचा वास आतपर्यंत पोहोचतो. व्हिनेगर आणि मीठ चोरिसात आधीच असते, म्हणून सारणात वेगळे मीठ घालू नये.

इसारतीर
म्युनिकमध्ये आल्यावर पहिले सहा महिने माझे पाव बसके होत होते आणि त्याचे कारण पिठाच्या पुडीवरच छापलेले होते. इथे पिठाला क्रमांक असतो : 405 हे केकसाठी, 550 हे पावासाठी. तो क्रमांक 100 ग्रॅम पिठात किती मिलिग्रॅम खनिजे आहेत ते सांगतो. मी 405 वापरत होतो. 550 घेतले आणि लादी उभी राहिली. ताज्या यीस्टची वडी इथे 42 ग्रॅमची मिळते आणि अर्धा किलो पिठाला अर्धी वडी पुरते. शेजारच्या आजी अशाच चिकटून भाजलेल्या पावांत आलुबुखाराचा मुरांबा भरतात, त्यांना बुख्टेल्न म्हणतात. मी त्यांना आपल्या बटाटेवड्याच्या सारणाची लादी नेऊन दिली, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी पाव ओढून त्याचे तंतू पाहिले आणि मगच घास घेतला.

जोंधळा
घरी मधुमेह असल्यामुळे मी अर्धा मैदा आणि अर्धी चक्कीची कणीक घेते. कणीक पाणी जास्त पिते, म्हणून 25 मिलि दूध वाढवते आणि मळण्याआधी पीठ नुसते भिजवून वीस मिनिटे ठेवते, म्हणजे कोंडा नरम होतो. तरीही लादी मैद्याइतकी फुगत नाही, हे मान्य करूनच करावी. सारणाला मेथी आणि लसूण परतून घेते. बटाटे उकडले असतील तर त्यांचे गार पाणी दुधाच्या जागी वापरून पाहा. त्यातल्या पिष्टामुळे पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

खडीसाखर
जोंधळा, हे फार मोलाचे सांगितलेत. आई बटाट्याचे पाणी बरणीतून भट्टीवर नेत असे आणि ते कशासाठी, हे मी तिला कधी विचारले नव्हते. उद्याच करून पाहते.

दुपारचा चहा
परत आले, पीठ छान फुगले आहे. माझा ट्रे 20 सेंटिमीटरचा पण गोल आहे, तर नऊ उंडे मावतील का?

खडीसाखर
गोल ट्रेमध्ये सात लावा, मधोमध एक आणि भोवती सहा. उरलेले दोन वाटीत भाजा. मधला पाव सर्वांत शेवटी शिजतो, म्हणून सुरी त्यातच टोचून पाहा. ओले पीठ लागले तर वर फॉइल झाकून आणखी चार मिनिटे ठेवा. त्या पावाला कोणत्याच बाजूने कवच धरत नाही.

दुपारचा चहा
मग तो सासूबाईंचा. त्यांची नवी कवळी अजून रुळलेली नाही.