मदत हवी आहे: बाबांच्या कानातला आवाज आणि खचलेलं मन

बाबा (वय 63) भोसरीला कारखान्यात प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या मशीनच्या विभागात) 28 वर्षं होते. दोन वर्षांपासून कानात रातकिड्यांसारखा आवाज, टिनिटस. डॉक्टर म्हणाले, सवय करा. कशाची सवय! शांततेत आवाज जास्त जाणवतो म्हणून थंडीतही पंखा फुल्ल, तरी रात्री दोनला उठून बसतात. भजनी मंडळ सुटलं. परवा चहा गाळता गाळता म्हणाले, "आता कंटाळा आला गं." पोटात गोळाच आला.

सीबीटीने (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) आवाज जात नाही, पण त्याचा त्रास कमी होऊ शकतो असं वाचलंय. कोथरूड-कर्वेनगरकडे मराठीतून अशी थेरपी देणारं कोणी माहीत आहे का? "मी काय वेडा आहे?" म्हणून बाबा अडून बसलेत. तुम्ही घरच्यांना कसं तयार केलंत? तेलं सुचवू नका प्लीज, तीन बाटल्या पडून आहेत.