ट्रेलरसाठी डिझेल पिकअप: आधी फेऱ्या मोजा

दादा, होडीचा ट्रेलर महिन्यातून दोनदा शापोऱ्याला न्यायचा, बाकी दिवस म्हापशाच्या बाजारापर्यंतच, तर डिझेल पिकअप घेऊ का, असं विचारलंत. एवढ्यासाठी नको. बीएस-६ (प्रदूषणाचे सध्याचे नियम) डिझेल गाडीतला डीपीएफ, म्हणजे धुरातला फिल्टर, काजळी अडवतो, ती जळायला इंजिन तापून सलग चालावं लागतं. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो.

पण चोर्ला घाटातून बेळगावला नेहमी ओढणार असाल तर डिझेलच. टोयोटाच्या हायलक्स पिकअपचं २.८ लिटर इंजिन ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, देतं, तोही इंजिन कमी फेऱ्यांवर (आरपीएम) असताना, त्यामुळे चढावर गाडी धापा टाकत नाही. खरी परीक्षा उताराची. मी एकदा वरच्या गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर उतरलो. पायथ्याच्या केरीला पोचेपर्यंत चाकांना जळका वास आणि पेडल मऊ पडलेलं. तेव्हापासून घाट संपेपर्यंत दुसरा गिअर सोडत नाही.

आणि हो, पाण्याकाठच्या शेवाळलेल्या उतारावरून होडी वर ओढताना मागची चाकं जागच्या जागी फिरतात. घेणारच असाल तर लो-रेंजवाली (हळू पण जास्त जोराच्या गिअरची) फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, घ्या. त्याआधी ट्रेलर वजनकाट्यावर चढवा, होडीचं इंजिन आणि भरलेली टाकी धरून.