मदत हवी आहे: एचए (तांबड्या पेशी गोळा होतात का बघायची चाचणी) पॉझिटिव्ह आलंय, रानीखेत (कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग) म्हणायचं की लसच दिसतेय?

खानापूर तालुक्यातलं ब्रॉयलर शेड, पक्षी २६ दिवसांचे. ७व्या दिवशी डोळ्यात लासोटा (रानीखेतची सौम्य जिवंत लस), २१व्या दिवशी पाण्यातून बूस्टर. आता हिरवी हगवण, धाप, काहींच्या माना पिळवटताहेत. श्वासनलिकेचे स्वॅब १० दिवसांच्या गर्भ असलेल्या अंड्यांत टोचले, अंड्यातल्या द्रवाचा एचए टायटर (द्रव किती पट पातळ केला तरी पेशी गोळा होतात तो आकडा) १:६४. रिपोर्टात काय लिहावं?

प्रतिसाद १
इतक्यात काही लिहू नका. तांबड्या पेशी गोळा करणारं काहीतरी द्रवात आहे, एचएवरून एवढंच कळतं. बर्ड फ्लूचा विषाणूही तेच करतो, काही जिवाणूही करतात. द्रव आधी ब्लड अगारवर ओढून बघा. मग एचआय (ठरावीक विषाणूचा सिरम पेशी गोळा होणं थांबवतो का ते बघायची चाचणी): १ टक्का कोंबडीच्या पेशी, विषाणूचे ४ एचए युनिट, रानीखेतचा सिरम एका ओळीत, बर्ड फ्लूच्या एच५, एच७, एच९ प्रकारांचे वेगवेगळ्या ओळींत. बॅक टायट्रेशन (युनिट बरोबर ४ च पडलेत का ते पुन्हा मोजणं) चुकवू नका. ४ ऐवजी ८ युनिट पडले की टायटर एक घर खाली दिसतो. आणि हो, टोचल्यावर २४ तासांच्या आत मेलेली अंडी मोजायची नाहीत.

मर एकाएकी वाढली असेल तर पुढची अंडी टोचूच नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा, नमुने त्यांच्यामार्फतच भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जाऊ द्या.

प्रतिसाद २
एचआय जुळला तरी कोडं सुटत नाही. लासोटा आणि फील्ड विषाणू एकाच सिरोटाइपचे (सिरमला दोन्ही सारखेच), आणि बूस्टरला जेमतेम पाच दिवस झालेत. लस स्वॅबमध्ये येणारच. खरा निवाडा विषाणूच्या एफ (फ्यूजन प्रथिनाच्या) जनुकाच्या सिक्वेन्सिंगने, म्हणजे त्याचा क्रम वाचून. लासोटात क्लीव्हेज साइटवर (हे प्रथिन जिथे कापलं जातं तिथे) ११७व्या जागी ल्युसिन हे अमिनो आम्ल असतं. तिथे फेनिलॅलनिन आणि ११३ ते ११६ मध्ये किमान तीन अर्जिनिन किंवा लायसिन आढळले तर विषाणू जहाल.

एक खोच आहे. आसपासच्या लेयर किंवा गावठी कोंबड्यांना आर२बी (रानीखेतचीच, पण लासोटापेक्षा तीव्र लस) दिली असेल तर तीही इथे जहालच दिसते. म्हणून क्लीव्हेज साइटवर न थांबता एफचा पूर्ण क्रम लसींशी ताडा.

धागाकर्ता
स्वॅब पुरतील का?

प्रतिसाद २
नाही हो. ताज्या मेलेल्या पक्ष्याचा मेंदू, प्लीहा, सीकल टॉन्सिल (आंधळ्या आतड्याच्या तोंडाजवळच्या गाठी) घ्या, मेंदू वेगळ्या नळीत. लासोटा सहसा मेंदूपर्यंत जात नाही, त्यामुळे तिथे विषाणू सापडला तर संशय बळावतो. स्वॅब लाकडी काडीचे नकोत, पीसीआर (विषाणूचं जनुक वाढवून ओळखायची चाचणी) अडतो. बेंगळुरूला हेब्बाळच्या पशुरोग प्रयोगशाळेत पाठवायचे तर ४ अंशांवर; जास्त दिवस ठेवायचे तर उणे ८०, घरच्या फ्रीजरमध्ये नको.