इंग्लिश शिकवायला बाहेर जायचंय, पण पैसे उरतात कुठे?

पेठेतली_मास्तरीण
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज पेपर तपासायचा कंटाळा आलाय म्हणून मुहूर्त लागला. वय २८, एमए इंग्लिश, बीएड, सिंहगड रोडच्या एका शाळेत पाच वर्षं आठवी ते दहावीला इंग्लिश शिकवते, हातात येतात २६ हजार आणि मे महिन्याचा पगार कधी येणार हे विचारायचं नाही असा अलिखित नियम आहे. बाबांच्या फ्लॅटचं साधारण १५ लाख कर्ज उरलंय, ते मला तीन वर्षांत फेडून टाकायचंय. म्हणजे महिन्याला ४१-४२ हजार शिल्लक पडली पाहिजे.
आत्ता तीन गोष्टी समोर आहेत. मस्कतची एक सीबीएसई शाळा, ३८० रियाल. थायलंडमध्ये बँकॉकपासून दोन तासांवर, २५ हजार बाट. आणि मैत्रीण म्हणते जपानला चल, २ लाख ३० हजार येन मिळतात. माझं सरळ मत असं की जिथे रुपयात आकडा मोठा तिथे जावं, म्हणजे जपान. चूक असेन तर सांगा. वाद घाला पण टोमणे जरा कमी, पुण्यात राहते, घरी पुरेसे मिळतात.

हिशोबी_कोथरूडकर
ताई, पगार नंतर, आधी पासपोर्ट बघा. 'इंग्लिश शिकवा आणि जग फिरा'वाले जे व्हिडिओ असतात ते बहुतेक अमेरिकन नाहीतर ब्रिटिश पोरांनी केलेले असतात, त्यांचा हिशोब आपल्याला लागू नाही. कोरियाचंच घ्या, घर फुकट, वर्ष पूर्ण केलं की एक पगार वरून, पण तिथे इंग्लिश शिकवायचा जो ई-२ व्हिसा असतो तो मुळात सात देशांच्या लोकांसाठी, त्यात आपण नाही. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारात बीएडवाल्या भारतीयांना सरकारी शाळेत असिस्टंट म्हणून जायची वाट कागदावर आहे, पण त्या वाटेने गेलेला माणूस मला अजून भेटायचाय.
आणि जपानच्या शाळेत भाषा शिकवायच्या व्हिसाला साधारण अशी अट असते की त्याच भाषेच्या माध्यमातून तुमचं १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. तुमची शाळा कुठल्या माध्यमाची?

पेठेतली_मास्तरीण
मराठी. पहिली ते दहावी. अकरावी-बारावी दोन, बीए तीन, एमए दोन, बीएड दोन, झाली नऊ. म्हणजे मी पाच वर्षं इंग्लिश शिकवतेय ते चालणार नाही, आणि इंग्लिश मीडियममधून कसाबसा पास झालेला माझा चुलतभाऊ चालेल??

हिशोबी_कोथरूडकर
कागदावर हो. चुलतभावाला सांगू नका, चढून बसेल.

तोक्योतून_परत
कोथरूडकर अर्धंच सांगतायत. ती अट शाळेच्या व्हिसाची. खासगी इंग्लिश क्लासवाल्यांचा व्हिसा वेगळ्या प्रकारातला असतो, त्याला पदवी चालते. क्लासवाले मुलाखतीत 'नेटिव्ह' शब्द काढतात हे खरं, पण दार अगदी बंद नाही. मी चार वर्षं होतो, आणि पैशाच्या पलीकडे सांगायचं तर वर्गात पोरं उभी राहून 'ओनेगाइशिमास' (विनंती आहे, अशा अर्थाचं) म्हणतात तेव्हा आपल्याकडचे साठ पोरांचे वर्ग आठवून डोळ्यात पाणी येतं. आणि पुण्यात जपानी शिकायची सोय भारतात सगळ्यात चांगली म्हटली तरी चालेल, परीक्षा इथेच देता येते. तीन वर्षांत त्या परीक्षेची एन२ ही वरची पातळी केली तर परत आल्यावर हिंजवडीत मास्तरकीच्या तिप्पट मिळेल. हे कोणी धरतच नाही हिशोबात.

हिशोबी_कोथरूडकर
@तोक्योतून_परत दादा, तुम्ही कुठल्या साली गेलात? २०१२ ला डॉलरला ८० येन होते, २०२४ ला १६० च्या वर जाऊन आले. आज येन धरा ५७ पैसे. २ लाख ३० हजारातून हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन, टॅक्स मिळून ४० हजार गेले, घरभाडं ५५, लाइट-गॅस १५, जेवण ४०, फोन आणि फिरणं १५. उरले ६५ हजार येन, म्हणजे ३७ हजार रुपये. त्यात घर घेताना जे 'रेइकिन' द्यावं लागतं, घरमालकाला परत न मिळणारी भेट (हे ऐकून आपल्या पेठेतले मालक खूश होतील), ते धरलेलंच नाही. आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, आधीच्या वर्षाच्या कमाईवर.

तोक्योतून_परत
मान्य, येन पडलाय. पण भरलेली पेन्शन देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत मागितली तर बरीचशी परत मिळते, मी घेतलीय. तेही लिहा की. फक्त तोट्याचे कॉलम भरायचे असतील तर कुठलाच देश बसणार नाही.

मस्कत_रिटर्न_काकू
अगं पोरी तू मस्कतला जा आणि हे सगळं वाचणं बंद कर. मी नऊ वर्षं होते, दोन मुलांची शिक्षणं त्या पैशात झाली. पहिली गोष्ट म्हणजे ओमानी रियाल १९८६ पासून एकाच दराने डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल २ डॉलर ६० सेंट, हलत नाही. रुपया घसरला की इथे लोक बातम्या बघून हळहळतात, आम्ही तिकडे पैसे पाठवायला एक्सचेंजच्या लायनीत उभे राहायचो, मेलं वाईट वाटायला हवं पण वाटायचं नाही. दुसरी गोष्ट टॅक्स. पगारावर काही कापत नाहीत. दोन केरळच्या बाया आणि मी असं तिघींनी मिळून रुवीला फ्लॅट घेतला होता, शाळेची बस दारात, स्वयंपाक पाळीपाळीने, त्यांचं खोबरेल माझं शेंगदाण्याचं यावरून पहिले सहा महिने भांडणं, मग मीच खोबरेलात पोहे करायला लागले. आजच्या भावाने ७० रियाल तुझ्या वाटचं भाडं, ५० जेवण, ६० वरचं सगळं धर. २०० उरतात. रियाल २२५ धरला तर ४५ हजार. गुणिले ३६ कर, १६ लाख २० हजार. तुझं कर्ज संपलं आणि वर आईला पाटल्या.

गल्फ_एकदा_बास
काकूंचा मान राखून पूर्ण असहमत. तुमची नऊ वर्षं चांगली शाळा मिळाली म्हणून चांगली. मी शेजारी दुबईत होते, भारतीय अभ्यासक्रमाचीच शाळा, नाव घेत नाही. ऑफर लेटरवर ३,२०० दिरहम. तिकडे गेल्यावर कॉन्ट्रॅक्ट नीट वाचलं तर बेसिक १,५०० आणि बाकी सगळं अलाउन्स. आता युएईच्या कायद्यात सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा पगार, पण तो बेसिक पगार! म्हणजे जवळजवळ निम्म्याहून जास्त तिथेच गेली. आठवड्याला ३२ तास, वर बस ड्यूटी, वर कोणी आजारी पडलं की सब्स्टिट्यूशन. पासपोर्ट 'सेफ कस्टडी'त ठेवून घेतला, जे तिथल्या कायद्याने चालत नाही हे मला वर्षभराने कळलं. घरभाडं चेकने, वर्षाचं चार चेकमध्ये द्या नाहीतर बेड स्पेस घ्या, म्हणजे खोलीतली एक कॉट. २९ व्या वर्षी कॉट! उरायचे साधारण २२-२३ हजार रुपये. त्यासाठी गणेशोत्सव, आजीचं शेवटचं आजारपण, सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं.

मस्कत_रिटर्न_काकू
दुबईचं मी कुठे म्हणाले? दुबई म्हणजे पगार यायच्या आधी भाडं. आणि मस्कतचं कॉन्ट्रॅक्ट पण वाचूनच सही करायची, मी काय डोळे मिटून जा म्हणत नाहीये.

मुकुंदनगरचा_मोहरा
ओमानमध्ये पण टॅक्स येतोय म्हणे. सांभाळून.

हिशोबी_कोथरूडकर
@मुकुंदनगरचा_मोहरा येतोय, २०२८ पासून, ५ टक्के, वर्षाला ४२,००० रियालच्या वर कमावणाऱ्यांना. ताईंना ३८० गुणिले १२ मिळणार. आधी गुणाकार, मग घाबरायचं.

थायलंडचा_सदाशिव
मी सध्या थायलंडमध्येच आहे, नाखोन पाथोमजवळ, तिसरं वर्ष. पैसे वाचवायला इथे येऊ नका, एवढंच सांगायला लॉगिन केलं. आपल्यासारख्यांना टोइक या इंग्लिशच्या परीक्षेत ६०० लागतात, ते तुम्हाला सहज येतील. बीएड आहे म्हणजे क्रुसपाचं, इथल्या शिक्षक परिषदेचं, लायसन्स पण सोपं जाईल. पण त्याच शाळेत, त्याच वर्गाला, शेजारच्या खोलीत शिकवणाऱ्या गोऱ्याला ३८ हजार बाट आणि मला २४. तो लंडनचा ट्रक ड्रायव्हर होता, माणूस झकास आहे, पण आर्टिकल्स कधी लावायची हे मला विचारतो. वर कित्येक कॉन्ट्रॅक्ट दहा महिन्यांची असतात, मार्च ते मे सुट्टीत पगार नाही. महिन्याला ८-९ हजार बाट राहतात. मी इथे का आहे? संध्याकाळी चारला शाळा सुटते आणि त्यानंतर कोणी फोन करत नाही. पुण्यात हे कधी झालं नव्हतं. आणि हो, कोणी टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बघू म्हणालं तर फोन ठेवून द्या.

रानडेची_रेनी
पैशाचा प्रश्न आहे म्हणून माझं उत्तर निरुपयोगी, तरी सांगते. फ्रेंच येत असेल तर फ्रान्सच्या सरकारी शाळांत सात महिने इंग्लिश असिस्टंट म्हणून जाता येतं, आठवड्याला १२ तास. मानधनात राहणं-खाणं भागतं आणि चीज. उरत काही नाही. मी रानडे इन्स्टिट्यूटला शिकताना गेले होते, परत जाईन.

घरचं_जेवण_बरं
मला एक कळत नाही, सगळे परदेशातच का फिरताय? ताईंचा प्रश्न १५ लाखांचा आहे, विमानाचा नाही. पाच वर्षांचा अनुभव, एमए बीएड, मग २६ हजारात कशाला बसायचं? पुण्यातच केंब्रिज आणि आयबी बोर्डाच्या शाळांकडे अर्ज करा, ५०-५५ मिळू शकतात. आई-बाबांकडे राहता म्हणजे भाडं शून्य, १२ लाखांपर्यंत नवीन पद्धतीत टॅक्स नाही, शनिवार-रविवार दोन बॅच घेतल्या तर आणखी १२-१५. चाळीस-पंचेचाळीस इथेच उरतात हो. आणि ते खोबरेलातले पोहे खायला लागत नाहीत.

गल्फ_एकदा_बास
+१. हेच मी आत्ता करतेय.

मस्कत_रिटर्न_काकू
घरी राहून पैसे उरतात हे ज्यांनी कधी घरी राहून उरवले नाहीत तेच सांगतात. महिन्याच्या पाच तारखेला भाच्याची मुंज, दहा तारखेला फ्रिज बिघडला, पंधराला 'तुझ्याकडे आहेत तर दे ना'. लांब असलं की निदान मागणाऱ्याला आयएसडीचा विचार करावा लागायचा. आता व्हॉट्सॅप आहे, पण तरी.

घरचं_जेवण_बरं
काकू, हा मुद्दा मात्र पटला. 😐

आजोबा_डेक्कन
आमच्या मेहुण्याचे वडील सम्राट हैले सेलासींच्या काळात इथिओपियात शिकवायला गेले होते. तेव्हा पुष्कळ भारतीय मास्तर तिकडे होते. त्यांनी परत येऊन प्रभात रोडला जागा घेतली. आता त्या पैशात पार्किंग येणार नाही. चालू द्या.

पेठेतली_मास्तरीण
सगळ्यांचे आभार, खरंच. जपान माझ्या दहावीनेच कापलं (तोक्यो दादा, क्लासवाल्यांना मेल टाकलाय, 'आम्ही नेटिव्ह स्पीकर शोधत आहोत' असं उत्तर आलं, व्याकरणाच्या एका चुकीसकट). थायलंड सदाशिवदादांनी कापलं. आता मस्कत की पुणे. शनिवारी मस्कतवाल्यांची ऑनलाइन मुलाखत आहे. काय विचारू? आणि ज्या एजंटतर्फे आलंय तो ८० हजार मागतोय, बरोबर आहे का?

हिशोबी_कोथरूडकर
बिलकुल नाही. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी घेता येतात, ही सरकारी मर्यादा आहे. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक बघा, नसेल तर रामराम. डिग्रीचं अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) आत्ताच करायला टाका, ओमानला ते चालतं, दुबईसारखा एम्बसीचा शिक्का लागत नाही. आणि जाणार असाल तर त्या आर्थिक वर्षात इथे १८२ दिवस भरायच्या आत निघा, म्हणजे एनआरआय धरतील आणि तिकडचा पगार इकडच्या रिटर्नमध्ये येणार नाही. पैसे एनआरई खात्यात (एनआरआय लोकांचं इथलं रुपयातलं खातं) टाका, व्याजाला पण टॅक्स नाही.

गल्फ_एकदा_बास
एकच विचार. बेसिक किती, आणि राहायची जागा शाळा देते का. बाकी 'वी आर लाइक अ फॅमिली' वगैरे ऐकून घे आणि सोडून दे.

मस्कत_रिटर्न_काकू
आणि जून-जुलैच्या सुट्टीचा पगार, आणि वर्षातून एकदा तिकीट. लाजू नकोस विचारायला. आपण मराठी माणसं पगार विचारताना जन्मपत्रिका मागितल्यासारखं तोंड करतो.

पेठेतली_मास्तरीण
झाली मुलाखत. बेसिक ३८० पैकी २१०. सुट्टीचा पगार आहे, पण पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरच. तिकीट दोन वर्षांतून एकदा. जागेचं विचारलं तर प्रिन्सिपल बाई म्हणाल्या शाळा जागा देत नाही, 'यू विल फाइंड गुड शेअरिंग', आणि मग आपणहून म्हणाल्या की आमच्या दोन टीचर तिसरी शोधतायत, कोट्टयमच्या आहेत.
मी ७५ भाडं धरून हिशोब परत केला. जवळपास ४४ हजार येतात. पुण्यातल्या एका केंब्रिज शाळेतही बुधवारी डेमो लेक्चर आहे, ते ५२ म्हणतायत. घरी दोन्ही सांगितलं. बाबा म्हणाले कर्जाचं मी बघतो, तू त्यासाठी जाऊ नकोस. आई काहीच बोलली नाही, पण आज मस्कतचं हवामान बघत होती फोनवर.

मस्कत_रिटर्न_काकू
कोट्टयमच्या आहेत म्हणजे खोबरेल आलंच. घाण्याचं तेल इथून ने, चेक-इन बॅगेत, झाकणाला टेप लावून.